छत्तीस दिवसांचा हिशेब

सध्याचा ज्येष्ठताक्रम कायम राहिला, तर २४ सप्टेंबर २०२७ रोजी भारताच्या सरन्यायाधीशपदी पहिल्यांदा एक स्त्री बसेल आणि २९ ऑक्टोबर २०२७ रोजी ती निवृत्तही होईल. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या वाट्याला येणारा हा काळ ३६ दिवसांचा आहे. त्या वर्षी दसरा आणि दिवाळी दोन्ही ऑक्टोबरातच येतात, म्हणजे सुट्ट्या वजा केल्यावर प्रत्यक्ष कामाचे दिवस आणखी कमी उरतील. उत्तराधिकाऱ्याचे नाव कळवा, असे पत्र सरकारकडून प्रथेप्रमाणे साधारण महिनाभर आधी येते. या हिशेबाने नव्या सरन्यायाधीशांची खुर्ची पुरती ऊबही धरणार नाही, तोच त्यांना पुढच्याचे नाव लिहून द्यावे लागेल.

तरीही 'पहिल्या महिला सरन्यायाधीश' या शब्दांचे कौतुक आतापासूनच सुरू झाले आहे आणि ते अस्थानी आहे असे कोणी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. हे ३६ दिवस म्हणजे योगायोग किंवा नशिबाचा खेळ, असे समजून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात हा आकडा कसा तयार झाला, ते जन्मतारखा आणि नियुक्तीच्या तारखा शेजारी मांडून सहज पाहता येते. तसे पाहिले की सरन्यायाधीश कोण आणि किती दिवसांसाठी होणार, याचा निर्णय दिल्लीत साठीच्या आसपास होत नसून कुठल्या तरी उच्च न्यायालयात चाळिशीच्या सुरुवातीलाच होऊन गेलेला असतो, असे लक्षात येते.

न्या. नागरत्ना यांच्या आधी ज्यांनी सरन्यायाधीश होणे अपेक्षित आहे, त्या न्या. विक्रम नाथ यांचा जन्म २४ सप्टेंबर १९६२चा आणि नागरत्ना यांचा ३० ऑक्टोबर १९६२चा. या दोन तारखांमधले अंतर बरोबर ३६ दिवसांचे आहे. दोघांना वकिलीची सनद १९८७मध्येच मिळाली, दोघांनी सर्वोच्च न्यायालयात शपथही ३१ ऑगस्ट २०२१ या एकाच दिवशी घेतली. फरक पडला तो मधल्या एका पायरीवर. विक्रम नाथ सप्टेंबर २००४मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. नागरत्ना फेब्रुवारी २००८मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयात आल्या. उच्च न्यायालयातील सेवा ज्याची जुनी, त्याची शपथ सहसा आधी होते आणि त्याच क्रमाने पुढे सरन्यायाधीशपद येते. हा क्रम उलटा असता तर १० फेब्रुवारी २०२७ पासून आठ महिन्यांहून अधिक काळ हे पद नागरत्ना यांच्याकडे राहिले असते आणि विक्रम नाथ यांना ते मिळालेच नसते. यात न्या. नाथ यांचा काडीइतका दोष नाही आणि प्रचलित नियमाने त्यांचा क्रम योग्यच आहे. दोन वेगळ्या उच्च न्यायालयांतील रिक्त जागा आणि तिथल्या गरजा वेगळ्या असतात, त्यामुळे एका जोडीवरून पक्षपात सिद्ध होतो, असेही मी म्हणणार नाही. मात्र अशी जोडी एकच असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

२८ जानेवारी २००० रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी, तीन न्यायाधीशांचा शपथविधी झाला. त्यांत न्या. वाय. के. सभरवाल आणि न्या. रुमा पाल होत्या. सभरवाल क्रमाने आधी होते. पाल यांचा जन्म जून १९४१चा, सभरवाल यांचा जानेवारी १९४२चा. म्हणजे वयाने पाल मोठ्या आणि निवृत्तही आधी होणार. त्यांचा क्रम आधी लागला असता तर न्या. लाहोटी निवृत्त झाल्यावर नोव्हेंबर २००५ ते जून २००६ असे सात महिने देशाला स्त्री सरन्यायाधीश लाभली असती आणि त्यानंतर सभरवाल यांनाही ते पद मिळाले असते. दोघांचेही जमले असते, अशी ही दुर्मिळ जुळणी होती. त्या दिवसाच्या शपथक्रमाची हळहळ वकीलवर्गात अजून बोलून दाखवली जाते, परंतु खरा धागा आणखी मागे जातो. सभरवाल १९८६मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते, तर रुमा पाल यांना कलकत्ता उच्च न्यायालयात जायला १९९० उजाडले, तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. २०००च्या जानेवारीत जे घडले, त्याची बेरीज १९९०मध्येच झालेली होती.

हाच हिशेब मुंबई उच्च न्यायालयाला लावून पाहावा. अलीकडच्या काळात या न्यायालयाने देशाला तीन सरन्यायाधीश दिले. न्या. धनंजय चंद्रचूड चाळिसाव्या वर्षी, न्या. शरद बोबडे त्रेचाळिसाव्या वर्षी आणि न्या. भूषण गवई त्रेचाळीस पुरे होण्याच्या आत उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले होते. मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. रंजना देसाई यांना उच्च न्यायालयात १९९६मध्ये नेमले गेले, तेव्हा त्या ४६ वर्षांच्या होत्या, दिल्लीच्या न्या. हिमा कोहली यांचे वयही त्यांच्या नियुक्तीच्या वेळी तितकेच होते. तीन-चार वर्षांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण पासष्टाव्या वर्षी निवृत्तीची पक्की भिंत असलेल्या रांगेत तीन वर्षे म्हणजे तीन किंवा चार सरन्यायाधीश असतात.

न्या. सुजाता मनोहर यांचे उदाहरण या मांडणीला थोडे छेद देणारे आहे आणि म्हणूनच ते टाळता येत नाही. त्या १९७८मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या, म्हणजे पहिली पायरी त्यांनी वेळेत गाठली. तरी सर्वोच्च न्यायालयात पोहोचायला त्यांना नोव्हेंबर १९९४पर्यंत थांबावे लागले आणि तोवर साठी उलटली होती. मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तिपदी बसलेल्या पहिल्या स्त्रीही त्याच. मात्र त्या खुर्चीवर काही महिनेच राहून त्यांना केरळला जावे लागले. पुढे ऑगस्ट १९९७मध्ये राजस्थानातील भंवरीदेवी प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर तीन न्यायाधीशांच्या पीठाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत जो निकाल दिला, त्या पीठावर त्या होत्या. तो निकाल सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांनी लिहिला. २०१३मध्ये कायदा झाला, समितीचे कायदेशीर नाव बदलले, तरी महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत, शाळांत आणि कारखान्यांत आजही 'विशाखा समिती' हेच नाव चालते. ज्या पीठाचे काम बोलीभाषेत इतके मुरले, त्या पीठावरच्या न्यायाधीश पाच वर्षेही सर्वोच्च न्यायालयात नव्हत्या. म्हणजे दार दोन ठिकाणी आहे. पहिले उच्च न्यायालयाचे आणि दुसरे दिल्लीचे; आणि पहिल्या दारातून वेळेत आत गेलेली स्त्री दुसऱ्या दाराशी सोळा वर्षे उभी राहू शकते. देशाच्या पहिल्या स्त्री सर्वोच्च न्यायाधीश न्या. फातिमा बीवी यांची १९८९मध्ये नियुक्ती झाली, तेव्हा त्या केरळ उच्च न्यायालयातून निवृत्तही झालेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालय १९५०मध्ये सुरू झाले, ही गोष्ट इथे आठवावी.

हे सगळे केवळ खुर्चीचे गणित असते, तर ३६ दिवसांबद्दल वाईट वाटून घ्यायचे कारण नव्हते. न्या. नागरत्ना यांचे निकाल पाहिले की नेमके काय हुकते आहे, ते कळते. २ जानेवारी २०२३ रोजी नोटाबंदीच्या खटल्यात पाचांच्या घटनापीठावर चौघे एकीकडे होते आणि त्या एकट्या दुसरीकडे. नोटाबंदीचा उद्देश वाईट होता, असे त्यांनी म्हटले नाही. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातील कलमानुसार असा प्रस्ताव बँकेच्या मध्यवर्ती मंडळाकडून निघायला हवा. सरकारलाच तो आणायचा असेल तर त्याने संसदेत कायदा करावा किंवा अध्यादेश काढावा. चोवीस तासांत बँकेची संमती घेऊन अधिसूचना काढण्याचा मार्ग मात्र कायद्यात बसत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. झालेले व्यवहार आता उलटवता येणार नाहीत, हेही त्यांनी मान्य केले. रस्त्यावर वादाची धूळ उडत असताना प्रक्रियेच्या एका प्रश्नावर इतक्या शांतपणे बोट ठेवणे फार थोड्यांना जमते.

म्हणून त्यांना केंद्राच्या विरोधक ठरवावे, तर जुलै २०२४मध्ये खनिजांवरील स्वामित्वधनाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांपैकी आठ राज्यांच्या बाजूने होते आणि नागरत्ना एकट्या केंद्राच्या अधिकाराकडे झुकल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात औद्योगिक अल्कोहोलच्या खटल्यातही तसेच घडले. साखर कारखान्यांच्या मळीवर अर्थकारण चालवणाऱ्या महाराष्ट्राला त्यांचे ते मत रुचणारे नव्हते. मलाही ते पटलेले नाही. संघराज्याचा जो अर्थ बहुमताने लावला तो मला अधिक सयुक्तिक वाटतो. परंतु आठजणांसमोर एकटीने उभे राहून शेकडो परिच्छेदांचा युक्तिवाद मांडणारा न्यायाधीश पटला नाही तरी न्यायालयाला हवा असतो, कारण आजचे भिन्न मत पुढच्या पिढीच्या वकिलाच्या हातात शिदोरी म्हणून पडते. मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींच्या निमित्ताने तीन दशके रखडलेल्या, खासगी मालमत्ता समाजाच्या साधनसंपत्तीत मोडते का या प्रश्नावरील खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०२४मध्ये लागला. त्यात त्यांनी बहुमताशी बरीचशी सहमती दाखवली, मात्र ती मोडते असे पूर्वी म्हणणाऱ्या न्या. कृष्ण अय्यर यांच्या पिढीवर बहुमताच्या निकालात जी टीका होती, ती अनुचित असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. काळ बदलला म्हणून आपल्या आधीच्यांनी त्यांच्या काळात केलेल्या अर्थनिर्णयाला दूषण देऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. न्यायालयीन शिष्टाचाराचा हा मुद्दा तिथे इतक्या स्पष्टपणे मांडला जाईल, असे वाटले नव्हते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र बिल्किस बानो प्रकरणाचा निकाल सर्वांत जवळचा आहे. गुजरातमधील हा खटला सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये मुंबईला हलवला, २००८मध्ये मुंबईतील विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली आणि मे २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. विजया ताहिलरामानी आणि न्या. मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने ती शिक्षा कायम केली. गुजरात सरकारने दिलेल्या शिक्षामाफीमुळे हे अकरा जण १५ ऑगस्ट २०२२ रोजी सुटले. ८ जानेवारी २०२४ रोजी न्या. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयान यांनी ती शिक्षामाफी रद्द केली. निकालाचा कणा अगदी साधा आहे: शिक्षामाफीचा अधिकार ज्या राज्यात शिक्षा झाली त्या राज्याच्या सरकारचा, म्हणजे महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे. याच सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या एका खंडपीठाचा मे २०२२चा आदेश वस्तुस्थिती दडवून मिळवलेला असल्याने तो ग्राह्यच नाही, असे सांगायला त्यांनी कचरले नाही. आपल्याच न्यायालयाच्या आदेशाबद्दल असे लिहिणे सोपे नसते.

इथे एक नेहमीचा युक्तिवाद पुढे येतो: न्यायाला लिंग नसते, मग न्यायाधीश स्त्री आहे की पुरुष, याने काय फरक पडतो? या युक्तिवादाचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. स्त्री न्यायाधीश स्त्रियांच्या बाजूनेच निकाल देतील, अशी अपेक्षा धरून त्यांच्या संख्येची मागणी करणाऱ्यांनी शबरीमलाचा निकाल पुन्हा वाचावा. सप्टेंबर २०१८च्या त्या पीठावर एकच स्त्री होती, न्या. इंदू मल्होत्रा, आणि प्रवेशबंदी उठवण्याविरुद्ध मत एकट्या त्यांचेच होते. ऑक्टोबर २०२३मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गर्भाच्या प्रकरणात तर खंडपीठावर दोन्ही स्त्रियाच होत्या. न्या. कोहली यांनी गर्भपाताची परवानगी नाकारली, न्या. नागरत्ना यांनी त्या विवाहितेच्या निर्णयाचा मान राखावा असे म्हटले. दोघींचे मत जुळले नाही, म्हणून प्रकरण तीन न्यायाधीशांकडे गेले. स्त्रियांचे मत एकसारखे नसते, हे सिद्ध व्हायलाही पीठावर किमान दोन स्त्रिया लागतात. ९ जून २०२५ रोजी न्या. बेला त्रिवेदी निवृत्त झाल्यावर चौतीस जणांच्या न्यायालयात नागरत्ना एकट्याच उरल्या, तेव्हा असे खंडपीठ बसण्याची शक्यताही संपली. पुरुष न्यायाधीशांमध्ये मतभेद झाले तर त्याला आपण न्यायशास्त्र म्हणतो. एकुलत्या एक स्त्रीचे मत मात्र स्त्रियांचे मत म्हणून वाचले जाते. संख्येची मागणी त्यासाठी आहे.

मग ज्येष्ठतेची प्रथाच मोडावी आणि एखाद्या स्त्रीला पुढे आणून दोन वर्षांचा काळ द्यावा, असाही एक सूर निघतो. तो मला धोक्याचा वाटतो. १९७३मध्ये न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोवर यांना डावलून न्या. ए. एन. राय यांना सरन्यायाधीश केले गेले, १९७७मध्ये न्या. एच. आर. खन्ना यांना डावलले गेले. दोन्ही वेळी ज्यांचे निकाल सरकारला रुचले नव्हते तेच मागे पडले. ज्येष्ठतेची प्रथा निर्जीव आणि कधीकधी हास्यास्पद आहे, १९९१मध्ये न्या. के. एन. सिंग जेमतेम सतरा दिवस सरन्यायाधीश होते. तरीही सरकारला मर्जीतला माणूस निवडण्याचे दार तिने बंद ठेवले आहे. ते दार आज स्त्रीसाठी उघडले, तर उद्या त्यातून कोण आत येईल हे सांगता येत नाही. थोडक्या काळात काही होत नाही, असेही नाही. न्या. उदय लळीत यांनी २०२२मध्ये चौऱ्याहत्तर दिवसांत घटनापीठांच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण सुरू करून दाखवले. पण सरन्यायाधीशाचे खरे बळ कोणते प्रकरण कोणत्या पीठासमोर जाईल हे ठरवण्यात आणि न्यायवृंदाचे, म्हणजे न्यायाधीशांच्या नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाचे, प्रमुख म्हणून नावे पुढे नेण्यात असते. नऊ न्यायाधीशांचे पीठ नेमून, त्यासमोर सुनावणी पुरी करून निकाल लावायला महिने जातात.

प्रथा राखायची आणि फळही वेगळे हवे, तर बदल मुळाशीच करावा लागतो. त्यासाठी एक विरोधाभास समजून घ्यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०२३च्या अहवालानुसार देशातील जिल्हा न्यायव्यवस्थेत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के आहे, उच्च न्यायालयांत ते चौदा टक्क्यांच्या आत येते आणि सर्वोच्च न्यायालयात तर जून २०२५मध्ये एकच स्त्री उरली. खालच्या पायरीवर परीक्षा आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी मुली अभ्यास करतात, उत्तरपत्रिका तपासली जाते, गुण मिळतात. वरच्या पायरीवर मात्र कोणीतरी कोणाचे नाव सुचवावे लागते. जिथे पेपर आहे तिथे स्त्री दिसते, जिथे शब्द टाकावा लागतो तिथे ती दिसत नाही. 'स्त्रिया या पेशात येतच नाहीत' हे कारण या आकड्यांपुढे टिकत नाही. परीक्षेतून आलेल्यांचा मार्गही लांबचा असतो. जिल्हा न्यायाधीश होऊन बढतीने उच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत पन्नाशी उलटून जाते आणि तिथे निवृत्ती बासष्टाव्या वर्षी. न्या. आर. भानुमती आणि न्या. बेला त्रिवेदी या जिल्हा न्यायव्यवस्थेतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्या, पण त्या अपवादच.

याला जोडून एक अवघड गोष्टही बोलायला हवी. सुजाता मनोहर यांचे वडील के. टी. देसाई गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती होते, नागरत्ना यांचे वडील ई. एस. वेंकटरमय्या १९८९मध्ये सहा महिने सरन्यायाधीश होते, इंदू मल्होत्रा यांचे वडील ज्येष्ठ वकील होते. यामुळे या तिघींची योग्यता कमी होत नाही; वकिलांची घराणी पुरुषांच्याही पाठीशी असतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण, सरन्यायाधीशांचे पुत्र असलेले धनंजय चंद्रचूड, मुंबईनेच पाहिले आहे. पण ज्या पेशात नाव सुचवणाऱ्याचा परिचय लागतो, तिथे बहुतेक मुलांना तो बार रूममध्ये, क्लबात, ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये संध्याकाळी सातनंतर मिळतो. मुलगी त्या वेळी घरी निघालेली असते. तेव्हा तो परिचय तिच्या घरातच असेल तर ठीक, नाहीतर नाही.

आता मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदासमोरचा प्रश्न पाहू. मंजूर न्यायाधीशांची संख्या ९४ आहे आणि मुख्य न्यायमूर्ती व दोन ज्येष्ठतम न्यायाधीश वकिलांमधून नावे काढतात. ती काढताना काही गोष्टी ओघाने पाहिल्या जातात: किती मोठी प्रकरणे चालवली, सरकारी वकिलांच्या पॅनेलवर होते का, ज्येष्ठ वकिलाचा दर्जा मिळाला का, उत्पन्न किती. चाळिशीच्या स्त्री वकिलाला आजही कौटुंबिक आणि पोटगीची प्रकरणे अधिक सहजपणे दिली जातात. करार, लवाद, कंपनी या शाखांतली वकीलपत्रे तिच्यापर्यंत उशिरा येतात. मुले लहान असतानाची पाच वर्षे वजा जातात, ती वेगळीच. त्यामुळे बेचाळिसाव्या वर्षी तिची पाटी अपुरी दिसते आणि सेहेचाळिसाव्या वर्षी भरलेली. न्यायवृंद सेहेचाळिसाव्या वर्षी तिचा विचार करतो आणि आपण न्याय केला असे त्याला मनापासून वाटते. चार वर्षांचा उशीर अशा प्रकारे कोणाच्याही लक्षात न येता जमा होतो.

उपाय त्यामुळे ढोबळ आरक्षणात नाही, असे मला वाटते. न्यायवृंदाने बेचाळीस ते पंचेचाळीस वयोगटातील स्त्री वकिलांचा दरवर्षी नाव घेऊन विचार करावा, विचारात घेतलेल्या नावांमधील स्त्रियांची संख्या आणि त्यांचे वय जाहीर करावे; आणि राज्य सरकारने आपल्या पॅनेलवर मोठ्या प्रकरणांची वकीलपत्रे वाटताना स्त्रियांच्या वाट्याला काय आले, ते विधिमंडळात सांगावे. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. ऑक्टोबर २०१४मध्ये न्या. रंजना देसाई निवृत्त झाल्यापासून २०२५ अखेरपर्यंत मुंबई उच्च न्यायालयातून एकही स्त्री सर्वोच्च न्यायालयात गेली नाही, ही गोष्ट दिल्लीच्या माथी मारण्याआधी फोर्टातल्या त्या दगडी इमारतीत तपासून पाहण्यासारखी आहे. १९८४च्या सुमारास जन्मलेल्या स्त्री वकील आज मुंबईत, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात, गोव्यातील पर्वरीत आणि नव्याने सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर रोज उभ्या राहतात. त्यांपैकी कोणाचे नाव या एक-दोन वर्षांत पुढे गेले, तर २०४७-४८च्या सुमारास तिला सरन्यायाधीशपदावर पुरती दोन वर्षे मिळण्याची शक्यता उरते. चार वर्षांनी गेले, तर पुन्हा एकदा कोणाच्या तरी जन्मतारखेशी तिची जन्मतारीख ताडून दिवस मोजावे लागतील.